दिवाळी अंकाच्या मेलपेटीतल्या न उघडणाऱ्या फायली

दिवाळी अंकासाठी साहित्य मागवलं की जुलैपासून मेलचा ओघ सुरू होतो, आणि त्यातल्या काही अटॅचमेंट उघडत नाहीत. कथेऐवजी ‘विनमेल.डॅट’ येतं, कवितेच्या जागी चौकोन दिसतात, वर्गणीदारांच्या यादीत नावांऐवजी परदेशी खुणांची रांग असते. ‘फाइल उघडत नाही, परत पाठवा’ असं उत्तर टाकणं सगळ्यात सोपं. पण त्याच माणसाने त्याच संगणकावरून तीच फाइल पुन्हा पाठवली की ती तशीच येते. म्हणून आम्ही आधी फाइल तपासतो, फोन नंतर करतो. अशा बहुतेक फायली मुळात धडधाकट असतात, आपण त्या चुकीच्या चष्म्यातून वाचत असतो. खरोखर तुटलेली फाइल क्वचित निघते.

फाइल उतरवली की पहिल्यांदा ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये जाते आणि पुढचं सगळं तिच्या प्रतीवर होतं. मुख्य म्हणजे, मजकूर विचित्र दिसत असताना ‘सेव्ह’ दाबायचं नाही. वर्ड कधीकधी एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवण्याची पद्धत, विचारतं. तिथे चुकीचा पर्याय निवडून नुसतं पाहिलं तर काही बिघडत नाही. पण तसंच सेव्ह केलं तर जी अक्षरं त्या एन्कोडिंगमध्ये बसत नाहीत त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं लिहिली जातात. दिसायला विचित्र असलेला मजकूर सुधारता येतो, पण एकदा प्रश्नचिन्हं झाली की मूळ अक्षर कोणतं होतं हे सांगणारं फाइलमध्ये काहीच उरत नाही.

त्यानंतर नाव आणि आकार. विंडोज फायलींची एक्स्टेन्शन, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, लपवून ठेवतं, ती आधी दिसायला हवीत. विंडोज ११ मध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’. ‘बिल.पीडीएफ’ वाटणारी फाइल ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ निघाली तर शोध तिथेच संपतो आणि मेल कचऱ्यात जातो. आकार शून्य केबी असेल तर बहुधा पाठवणाऱ्याकडेच फाइल नीट तयार झालेली नसते. एक-दोन केबीची ‘कथा’ नोटपॅडमध्ये उघडून बघावी, बरेचदा आत ‘मूळ अटॅचमेंट सुरक्षेसाठी काढून टाकली आहे’ अशी कुठल्यातरी मेल सर्व्हरची इंग्रजी चिठ्ठी सापडते.

एक्स्टेन्शन म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. चिठ्ठीवर साखर लिहिलेलं असलं तरी आत मीठ असू शकतं. आत काय आहे ते फाइलची पहिली काही अक्षरं सांगतात आणि त्यासाठी नोटपॅड किंवा नोटपॅड प्लस प्लस पुरतं. टक्क्याचं चिन्ह आणि लगेच इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘पीडीएफ’ दिसलं, तर नाव काहीही असो, ती पीडीएफच. ‘पीके’ ही दोन अक्षरं दिसली तर झिप. ही झिप फॉरमॅट बनवणाऱ्या फिल काट्झ यांची आद्याक्षरं आहेत. डॉकएक्स, एक्सएलएसएक्स, ओडीटी या सगळ्या आतून झिपच असतात, त्यामुळे ‘पीके’ दिसल्यावर प्रतीचं एक्स्टेन्शन बदलून ‘झिप’ करायचं आणि आत डोकावायचं. आत ‘वर्ड’ नावाचं फोल्डर असेल तर वर्डची फाइल, ‘एक्सएल’ असेल तर एक्सेलची. महिरपी कंस, उलटी तिरकी रेघ आणि ‘आरटीएफ’ असेल तर रिच टेक्स्ट, ती वर्डमध्ये सरळ उघडते. जुनी ‘डॉक’ फाइल नोटपॅडमध्ये नुसता गोंधळ दाखवते, पण फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये तिची सुरुवात डी०, सीएफ, ११, ई० अशी असते. एकला आय आणि एल समजून वाचलं तर ‘डॉकफाइल’! कुणा प्रोग्रामरने केलेली ही गंमत आजही लाखो फायलींच्या तोंडावर आहे. सुरुवातीला ‘एमझेड’ दिसलं तर तो विंडोजचा प्रोग्राम आहे, त्यावर डबल क्लिक करायचं नाही. आणि ‘पीडीएफ’ म्हणून आलेल्या फाइलच्या तोंडाशी कोनी कंसात ‘एचटीएमएल’ असेल, तर पाठवणाऱ्याने कुठल्यातरी पोर्टलवरून दस्तऐवजाऐवजी लॉगिनचं पानच उतरवून घेतलेलं असतं. अशा वेळी फाइल दुरुस्त करण्यात अर्थ नसतो. त्यांना पुन्हा लॉगिन करून ती उतरवायला सांगावं लागतं.

विनमेल.डॅट मात्र सगळ्यांनाच कोड्यात टाकतं, कारण पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. त्याच्या ‘सेंट’मध्ये ‘कथा.डॉकएक्स’ व्यवस्थित दिसत असते. होतं असं, की संगणकावरच्या जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये मेल ‘रिच टेक्स्ट’ प्रकारात लिहिला असेल, तर ते मेलची सजावट आणि अटॅचमेंट एका गाठोड्यात बांधतं. या बांधणीला टीएनईएफ म्हणतात. समोरही आउटलुक असेल तर गाठोडं आपोआप सुटतं, नाहीतर बांधलेलंच समोर येतं. इथेही आकार कामाला येतो. विनमेल.डॅट दोन-चार केबीचं असेल तर आत फक्त फॉन्ट आणि रंगांची माहिती असते, आपलं काहीही गेलेलं नसतं. ते त्याहून बरंच मोठं असेल तर आत कथा असण्याची शक्यता असते. सोडवायला लिनक्सवर ‘टीएनईएफ’ याच नावाचा छोटा प्रोग्राम आहे आणि मॅकवर ‘टीएनईएफ्स इनफ’. फाइल वेबसाइटवर चढवून सोडवून घेण्याच्या सोयीही आहेत, पण लेखकाचं अप्रकाशित हस्तलिखित किंवा बँकेचा कागद आम्ही तिथे चढवत नाही.

पुढच्या वेळी तसं येऊ नये म्हणून पाठवणाऱ्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. आउटलुकमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘मेल’ इथे जाऊन मेल लिहिण्याचा प्रकार ‘एचटीएमएल’ ठेवायचा. आणि त्याच पानावर खाली ‘मेसेज फॉरमॅट’मध्ये, इंटरनेटवरच्या लोकांना रिच टेक्स्ट मेल पाठवताना काय करायचं, तिथेही ‘कन्व्हर्ट टू एचटीएमएल’ निवडायचं. एवढं करूनही फक्त आपल्यालाच विनमेल येत राहिलं, तर खोट आपल्या पत्त्याच्या जुन्या नोंदीत असते. ‘टू’च्या चौकटीत आपला पत्ता सुचवला जातो, त्याच्या पुढच्या फुलीवर टिचकी मारून ती सूचना काढायची आणि पत्ता नव्याने टाइप करायचा. ही शेवटची पायरी कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि नेमकी तीच उपयोगी पडते.

कधी अटॅचमेंटच नसते. मेलच्या अंगातच अक्षरं-आकड्यांच्या अखंड ओळींची भिंत उभी असते. ही बेस६४. मेलची जुनी व्यवस्था फक्त साध्या इंग्रजी मजकुराची होती, म्हणून १९९२ मध्ये आलेल्या माइम या पद्धतीने कुठलीही फाइल ६४ साध्या अक्षरांत लिहून पाठवायची सोय केली. तीन बाइटची चार अक्षरं होतात, एका ओळीत जास्तीत जास्त ७६. यामुळे फाइल वाटेत तिसऱ्या हिश्श्याने फुगते, आणि म्हणूनच मेलच्या मर्यादेत बसेल असं वाटणारी मोठी फाइलही कधीकधी जात नाही. भिंत दिसते कारण वाटेतल्या कुठल्यातरी प्रोग्रामने मेलचे मथळे बिघडवलेले असतात आणि ‘हा मजकूर नाही, फाइल आहे’ ही सूचना आपल्या मेलपर्यंत पोचत नाही.

फाइल मात्र त्या भिंतीत पूर्ण असते. जीमेलमध्ये ब्राउझरवर तीन ठिपक्यांतून ‘शो ओरिजिनल’ उघडायचं. तिथे ‘कंटेंट-टाइप’, ‘कंटेंट-ट्रान्सफर-एन्कोडिंग’ असे मथळे असतात, मग एक कोरी ओळ, आणि तिच्याखाली भिंत. कोऱ्या ओळीच्या खालपासून, दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या सीमारेषेच्या वरपर्यंतचा सगळा भाग उचलून नोटपॅडमध्ये ‘आत.टीएक्सटी’ म्हणून ठेवायचा. मथळ्याची एक ओळ जरी सोबत आली तरी गणित चुकतं. मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या फोल्डरमध्ये जाऊन ‘सर्टयुटिल’, जागा, आडवी रेघ लावून ‘डीकोड’, जागा, आतल्या फाइलचं नाव, जागा, बाहेरच्या फाइलचं नाव. वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. बाहेरच्या फाइलला कुठलं एक्स्टेन्शन द्यायचं कळत नसेल तर भिंतीची पहिली अक्षरं बघावीत. जे-व्ही-बी-ई-आर म्हणजे पीडीएफ, यू-ई-एस-डी-बी म्हणजे झिप किंवा डॉकएक्स, आणि तिरकी रेघ-९-जे म्हणजे जेपीईजी फोटो.

खरोखर तुटलेली फाइल ओळखायची तर शेवट बघावा. पीडीएफच्या अगदी शेवटी दोन टक्क्यांची चिन्हं आणि ‘ईओएफ’ असतं. तेच नसेल तर फाइल वाटेत कापली गेली आहे. झिप आणि डॉकएक्सची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटलं की आत सगळं असूनही दार उघडत नाही. विनरारचं ‘रिपेअर’ अशा वेळी काही वेळा आतली ‘डॉक्युमेंट.एक्सएमएल’ वाचवतं. सजावट जाते, मजकूर मिळतो. जेपीईजी फोटो अर्धा दिसून खाली करडा पट्टा येतो, आणि त्या पट्ट्यातलं मग कुठूनच मिळत नाही.

एक खोटी ‘करप्ट’ही असते. वर्ड म्हणतं फाइल खराब आहे, आणि फाइल ठणठणीत असते. मेलमधून आलेल्या फाइलवर विंडोज ‘बाहेरून आलेली’ असा शिक्का मारतं, आणि तो शिक्का बघून वर्डचं सुरक्षित दालन (‘प्रोटेक्टेड व्ह्यू’) कधीकधी तिला दारातच अडवतं. फाइलवर उजवी टिचकी, ‘प्रॉपर्टीज’, खाली ‘अनब्लॉक’समोर खूण, ‘ओके’. पाठवणारा ओळखीचा असेल आणि पहिली अक्षरं ‘पीके’ असतील तरच हे करायचं.

आता मराठीपुरता सगळ्यात मोठा खड्डा, तो फॉन्टचा. फाइल उघडते आणि कथेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तो कचरा नसतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली होती. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिलं की फाइलमध्ये खरं तर ई, जे, के, मोठा बी, एच एवढंच असतं. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना. फॉन्ट असेल तोवर ‘मराठी’ दिसतं, तो नसेल तर ती पाच इंग्रजी अक्षरं. श्री-लिपी, आकृती, शिवाजी, आयएसएमचा सुरेख, प्रत्येकाची बसवणी निराळी. डीटीपी करणाऱ्यांकडून आलेला मजकूर आजही सर्रास यातलाच असतो.

वर्डमध्ये मजकूर निवडून फॉन्टच्या चौकटीत बघायचं. तो फॉन्ट आपल्याकडे नसला तरी नाव तिथे दिसतं आणि त्यावरून कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम, निवडता येतो. नाव ‘कॅलिब्री’ किंवा ‘टाइम्स’ दिसलं तर मधल्या कुणीतरी ‘नीट दिसत नाही’ म्हणून फॉन्ट बदललेला असतो. मग पाठवणाऱ्याला फोन करण्याला पर्याय नसतो, आणि प्रश्न नेमका विचारावा लागतो.

‘सर, मजकूर कुठल्या फॉन्टमध्ये टाइप केलाय?’

‘मराठीत.’

‘हो सर, पण टाइप कुणी केला? त्यांचा नंबर मिळेल का?’

कारण उत्तर लेखकाकडे नसतं, टाइप करून देणाऱ्याकडे असतं. त्याला ‘श्री-लिपी की युनिकोड’ एवढं विचारलं की तो फॉन्टचा नंबरसुद्धा सांगतो. त्याच्याकडून तीन गोष्टी मागाव्यात: मूळ फाइल, तीच फाइल युनिकोडमध्ये एक्स्पोर्ट केलेली, आणि पीडीएफ. पेजमेकरची पीएमडी किंवा कोरल ड्रॉची सीडीआर फाइल उघडायचा खटाटोप आम्ही करत नाही, तिथेही पीडीएफ आणि मजकूर वेगवेगळे मागतो. पीडीएफ छापायला नाही, ताडून बघायला हवी असते. जुन्या फॉन्टची पीडीएफ दिसते सुंदर, पण त्यातून मजकूर कॉपी केला की पुन्हा तीच इंग्रजी अक्षरं बाहेर पडतात.

हा मजकूर मेलच्या अंगातच चिकटवून आला असेल तर कृतिदेव बहुतांशी वाचतं, कारण त्याची बरीचशी अक्षरं साध्या कीबोर्डवरची आहेत. श्री-लिपी आणि सुरेखसारखे फॉन्ट साध्या कीबोर्डपलीकडच्या, वरच्या १२८ जागाही भरपूर वापरतात, आणि मेल त्या जागांचा अर्थ वाटेत बदलून टाकू शकतो. म्हणून जुन्या फॉन्टमधला मजकूर अंगात चिकटवून कधीच घ्यायचा नाही, फाइल जोडूनच घ्यायची. टाइप करणारा सापडलाच नाही आणि हातात फक्त पीडीएफ असेल, तर ती गूगल ड्राइव्हमध्ये टाकून ‘गूगल डॉक्स’मध्ये उघडावी, ते चित्रातून मराठी वाचून देतं. दोन एमबीच्या आतले तुकडे करावेत.

चौकोन दिसले तर उलट आनंद मानावा. चौकोन म्हणजे मजकूर युनिकोडमध्येच आहे, फक्त त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. सगळं निवडून ‘निर्मला यूआय’ किंवा ‘मंगल’ लावलं की काम झालं.

वर्गणीदारांची यादी सीएसव्हीमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये येते आणि एक्सेलमध्ये डबल क्लिक केलं की प्रत्येक नावात डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि चार पायांचं वर्तुळ, पुन्हा ए, पुन्हा वर्तुळ. हा नमुना ओळखीचा करून ठेवण्यासारखा आहे. युनिकोड फाइलमध्ये लिहिण्याच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, त्यातले पहिले दोन ई०-ए४ किंवा ई०-ए५. एक्सेल त्यांना पाश्चात्त्य अक्षरं समजून एकेक करून दाखवतं. फाइल बंद करायची, सेव्ह करायची नाही. कोरं पान उघडून ‘डेटा’, ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’, फाइल निवडायची आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ‘६५००१, युनिकोड यूटीएफ-८’ घ्यायचं. तिथेच मोबाइल नंबरचा रकाना ‘टेक्स्ट’ करून घ्यावा. ९१ लावलेले बारा आकडी नंबर एक्सेल घातांकात दाखवतं, आणि ते तसे दिसत असताना सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की फाइलमध्ये घातांकच लिहिला जातो. मग वर्गणीदाराला फोन लावायला नंबरच उरत नाही.

बाकीची किरकोळ मंडळी. आयफोनचा एचईआयसी फोटो विंडोजवर उघडत नसेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं ‘एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स’ घ्यावं, आणि छायाचित्रकाराला कॅमेऱ्याच्या ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ ठेवायला सांगावं. मॅकवरून ‘पेजेस’ फाइल आली तर पाठवणाऱ्याकडून वर्डमध्ये एक्स्पोर्ट करून घ्यावी. एक्स्टेन्शन बदलून झिप केली तर आत पहिल्या पानाचं चित्र सापडतं, तेवढ्यावर निदान काय आहे ते कळतं. ‘एसमाइम.पी७एस’ ही नुसती डिजिटल सही, सोडून द्यावी. ‘एसमाइम.पी७एम’ मात्र बहुधा कुलूप लावलेला मेल असतो. त्याची किल्ली ज्याच्या संगणकावर आहे त्यानेच तो उघडायचा. ‘एटीटी००००१.एचटीएम’ या नावाच्या फायली बहुतेक वेळा ॲपलच्या मेलमधून येतात, फोटोच्या आधीचा-नंतरचा मजकूर तुकडे होऊन त्यात बसलेला असतो, म्हणून टाकण्याआधी एकदा वाचाव्यात. पासवर्ड मागणारी पीडीएफ बिघडलेली नसते. मानधनासाठी ई-आधार आलं असेल तर नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी मोठ्या लिपीत आणि लगेच जन्मवर्ष.

कन्व्हर्टरमधून निघालेला मजकूर पीडीएफशी ताडल्याशिवाय पुढे जात नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं याच्या उलट. ही अदलाबदल करताना कन्व्हर्टर जोडाक्षरांपाशी अडखळतो आणि ‘स्थिती’ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. असल्या चुका डोळ्याला लगेच खुपतात. खरी चोरटी चूक आहे ती ‘ऱ्या’ची. युनिकोडमध्ये ती दोन तऱ्हांनी लिहिता येते: खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. दोन्ही दिसतात सारख्या, पण शोधताना एक दुसरीला सापडत नाही. आणि वाटेत कुठल्याही प्रोग्रामने ते अदृश्य चिन्ह झाडून टाकलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं. दोन्ही शुद्ध शब्द, त्यामुळे स्पेलचेक गप्प. म्हणून फाइल जुळणीला देण्याआधी ‘र्य’ आणि ‘र्ह’ असा शोध लावून प्रत्येक जागा हाताने बघायची. मग दुसऱ्या तऱ्हेची सगळी ‘ऱ्या’ फाइंड-रिप्लेसने पहिल्या तऱ्हेत आणायची. चाळीस पानी कथेत पंधरा-वीस मिनिटं जातात.